घटक ४ : दोषनिवेदनाची भाषा – ऑनलाइन खेळांतील विलंब आणि उपयुक्त तक्रार

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास –

• ऑनलाइन बहुखेळाडू खेळांत होणारा विलंब कसा निर्माण होतो, हे स्पष्ट करता येईल.
• 'लॅग' या एकाच शब्दाखाली दडलेले निरनिराळे दोष वेगळे ओळखता येतील.
• निरीक्षण, अनुमान आणि ऐकीव माहिती यांतील भेद मराठीच्या क्रियारूपांतून कसा व्यक्त होतो, हे सांगता येईल.
• तांत्रिक दोषाचे मुद्देसूद निवेदन मराठीत लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण अर्ज, निवेदन, इतिवृत्त आणि अहवाल या व्यवहारोपयोगी लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात आपण 'दोषनिवेदन' या तुलनेने नव्या लेखनप्रकाराचा विचार करणार आहोत. एखादे यंत्र, उपयोजन म्हणजेच ॲप, किंवा सेवा अपेक्षेप्रमाणे चालत नसेल, तर ती दुरुस्त करू शकणाऱ्या व्यक्तीला नेमके काय घडले ते कळवणे, म्हणजे दोषनिवेदन.

उदाहरणासाठी आपण ऑनलाइन खेळांचे क्षेत्र निवडले आहे. त्याला कारण आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले. त्यानंतर गावोगावच्या तरुणांच्या हातात बहुखेळाडू खेळ आले. 'पबजी मोबाइल'वर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा खेळ भारतात अधिकृतपणे उपलब्ध झाला. पुण्यातील सुपरगेमिंग या कंपनीने 'इंडस' हा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे आज या खेळांचे खेळाडू जसे आपल्या जिल्ह्यात आहेत, तसे निर्मातेही आहेत. या दोघांना जोडणारा दुवा भाषेचा आहे, आणि तो पुष्कळदा कच्चा असतो.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ एक प्रसंग

बारामती तालुक्यातील पणदरे येथील एका विद्यार्थ्याने मला एकदा आपल्या फोनवरील दोन मजकूर दाखवले. पहिला त्याने एका खेळाच्या मदतकक्षाला पाठवलेला होता. तो असा : "समोरचा हॅकर आहे. भिंतीमागे गेलो तरी गोळी लागली. त्याला बॅन करा." अशा तक्रारी त्याने महिन्याभरात अकरा केल्या होत्या. त्यांना ठरावीक पोच मिळाली. पुढे काही झाले नाही.

दुसरा मजकूर त्यालाच आलेला होता. कुणी तरी त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती. "हा खेळाडू एका जागेवरून नाहीसा होतो आणि दुसऱ्या जागी प्रकटतो," असा तिचा आशय होता. त्याचे खाते सात दिवसांसाठी स्थगित झाले होते. ज्या सायंकाळी ही तक्रार झाली, त्या सायंकाळी हा विद्यार्थी उसाच्या फडाकडेच्या खोलीत बसून खेळत होता आणि फोनवर जेमतेम एक रेघ होती.

"सर, मी काहीच केलेलं नाही. नेट खराब होतं," तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. परंतु तक्रार करणाऱ्यालाही जे दिसले, ते खरेच होते. त्याच्या पडद्यावर हा खेळाडू नाहीसा होऊन दुसरीकडे प्रकटलाच होता. अडचण पाहण्यात नव्हती, तर पाहिलेल्यावरून काढलेल्या निष्कर्षात होती. पाहिलेले आणि ठरवलेले यांची गल्लत झाली, की तक्रारीचा आळ होतो. हा या घटकाचा मध्यवर्ती विचार आहे.

४.२.२ विलंब म्हणजे काय?

बहुखेळाडू खेळात प्रत्येक खेळाडूच्या फोनवर खेळाचे एक चित्र असते. परंतु निर्णय देणारा पंच मात्र दूरच्या मध्यवर्ती संगणकात, म्हणजे सर्व्हरमध्ये असतो. आपण बोट फिरवले की तो संदेश सर्व्हरकडे जातो आणि त्याचा निर्णय परत येतो. या जाण्यायेण्यास लागणारा वेळ 'पिंग' या नावाने पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात.

या वेळेला एक नैसर्गिक मर्यादा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पणदऱ्याहून मुंबई २५० किलोमीटर धरली, तर संदेशाच्या जाण्यायेण्यास किमान अडीच मिलिसेकंद पुरतात. सर्व्हर सिंगापूरला असेल, तर मुंबईपासूनचेच सरळ अंतर सुमारे ३९०० किलोमीटर असल्याने किमान ३९ मिलिसेकंद आणखी लागतात. प्रत्यक्षात मनोरा, वाटेतील यंत्रे आणि त्यांवरील गर्दी यांमुळे हा आकडा बराच वाढतो.

येथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. "माझं नेट फास्ट आहे, मग लॅग का?" असे ते विचारतात. नीरा डाव्या कालव्याचे उदाहरण घ्या. कालवा किती रुंद आहे आणि त्यातून किती पाणी वाहते, ही एक गोष्ट. आवर्तन सुटल्यावर पाणी शेवटच्या चारीपर्यंत किती वेळात पोचते, ही दुसरी. पाणी भरपूर सोडले, म्हणून टेलचा शेतकरी हेडला येत नाही. चित्रपट पाहण्यास पाण्याचे प्रमाण महत्त्वाचे; खेळासाठी मात्र पोचण्याचा वेळ महत्त्वाचा. शिवाय पाणी कधी धो धो, कधी थेंब थेंब असे येऊ लागले, तर भिजवणे अवघड होते. खेळातही विलंब सतत कमीजास्त होणे आणि काही संदेश वाटेतच गहाळ होणे, हे स्थिर विलंबापेक्षा अधिक जाचक ठरते.

४.२.३ हालचालीतील दोष कसे दिसतात?

प्रत्येक पावलासाठी पंचाची वाट पाहायची ठरवली, तर खेळ खेळणेच अशक्य होईल. म्हणून आपला फोन निर्णयाची वाट न पाहता आपले पात्र पुढे नेतो. ही 'पूर्वकल्पना' पद्धत १९९६ मधील 'क्वेकवर्ल्ड' या खेळामुळे रूढ झाली. फोनची कल्पना आणि सर्व्हरचा निर्णय जुळले, तर खेळाडूला काहीच जाणवत नाही. ते जुळले नाहीत, तर पुढे गेलेले पात्र एकाएकी मागे ओढले जाते. दावणीला बांधलेले वासरू धावत सुटावे आणि दोर संपताच हिसका बसून मागे यावे, तसा हा प्रकार आहे.

इतर खेळाडूंच्या बाबतीत फोनला मिळणारी बातमी नेहमी थोडी शिळी असते. सेकंदाला ६ मीटर धावणाऱ्या पात्राची बातमी २०० मिलिसेकंद जुनी असेल, तर आपण त्याला जिथे पाहतो त्याच्यापुढे ते १.२ मीटर गेलेले असते. बातम्या येणे मध्येच थांबले आणि मग एकदम आल्या, तर ते पात्र एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी घेतल्यासारखे दिसते. आपल्या विद्यार्थ्याचे असेच झाले होते.

आता भिंतीमागच्या गोळीचा विचार करू. नेम धरणाऱ्यावर विलंबामुळे अन्याय होऊ नये, म्हणून अनेक खेळांतील सर्व्हर क्षणभर मागे जाऊन पाहतो : गोळी झाडणाऱ्याच्या पडद्यावर त्या वेळी लक्ष्य कोठे होते? तेथे नेम बरोबर असेल, तर गोळी लागली असे तो मानतो. पण तेवढ्या अवधीत लक्ष्य झालेला खेळाडू आपल्या पडद्यावर भिंतीआड पोचलेला असतो. दोघांनीही जे पाहिले ते खरेच असते. केवळ दोघांची 'आत्ताची' वेळ निराळी असते. यात कुणी लबाडी केलेली नसते. अर्थात, लबाडी करणारे खेळाडू नसतातच असे नाही. पण एवढ्या एका दृश्यावरून ती सिद्ध होत नाही.

४.२.४ 'लॅग' या शब्दाची अनेकार्थता

अर्थविज्ञानाच्या दृष्टीने 'लॅग' हा शब्द लक्षणीय आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ मागे पडणे, उशीर होणे असा आहे. मराठी तरुणांच्या बोलीत मात्र "लॅग होतंय", "लॅग मारतोय" असे प्रयोग करताना पुढीलपैकी कोणतीही गोष्ट अभिप्रेत असू शकते :

(अ) संदेश उशिरा पोचणे. पिंगचा आकडा वाढलेला असतो; चित्र मात्र सुरळीत हलत असते.
(आ) चित्र अडखळणे. फोन तापल्याने किंवा त्याची क्षमता अपुरी पडल्याने दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या घटते. पिंग उत्तम असतानाही हे घडते.
(इ) संदेश गहाळ होणे. पात्र मागे ओढले जाते, दार उघडण्याची आज्ञा वाया जाते.
(ई) खेळाच्या रचनेतील चूक. ठरावीक जागी, ठरावीक कृती केली की पात्र अडकते. इंटरनेट कसेही असो.

यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्यावर उपाय जोडणीत शोधावा लागतो, दुसऱ्यावर बहुधा फोनमध्ये आणि चौथ्यावर केवळ निर्मात्याकडे. "गेम लॅग होतोय" एवढे वाक्य या चौघांनाही लागू पडते. म्हणूनच दुरुस्ती करणाऱ्याला ते निरुपयोगी असते. "गेम गंडलाय" या प्रयोगाची गतही तीच. बोलीतील त्याची लज्जत मान्य करूनही निवेदनात तो टाळावा. कारण तो खेळाचे वर्णन न करता बोलणाऱ्याच्या वैतागाचे वर्णन करतो.

वास्तविक ही कला आपणास अपरिचित नाही. विहिरीवरची मोटार बंद पडली की अनुभवी शेतकरी वायरमनला "मोटार चालत नाही" एवढेच सांगत नाही. "सुरू होते, दोन मिनिटं घरघर करते, मग स्टार्टर पडतो, काल रात्री थ्री फेज आल्यापासून हे होतंय," असे तो सांगतो. क्रम, कालावधी, लक्षण आणि आरंभाची वेळ या चारही बाबी त्या एका वाक्यात आल्या. खेळाविषयी लिहिताना तोच माणूस हे कौशल्य विसरतो, एवढेच.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – १

१. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे किती किलोमीटर जातो?
२. पिंग कमी आहे, पण फोन तापला असून चित्र अडखळत आहे. हा दोष वरील कोणत्या प्रकारात मोडतो?

४.२.५ निरीक्षण, अनुमान आणि ऐकीव माहिती

बोलणाऱ्याला माहिती कशी मिळाली, हे सूचित करण्याची सोय मराठीत आहे. पुढील चार वाक्ये पाहा :

१. प्रतिस्पर्धी भिंतीतून आला.
२. प्रतिस्पर्धी भिंतीतून आलेला मला दिसला.
३. प्रतिस्पर्धी भिंतीतून आला असावा.
४. प्रतिस्पर्धी भिंतीतून आला म्हणे.

पहिले वाक्य घटनेची ग्वाही देते. माहितीचा उगम सांगत नाही. दुसऱ्यात 'मला दिसला' या रचनेमुळे घटना पाहणाऱ्याच्या अनुभवाशी बांधली जाते. तिसऱ्यातील 'असावा' हे रूप अनुमान दर्शवते. चौथ्यातील 'म्हणे' हे ऐकीवपणाचे चिन्ह असून त्यामुळे बोलणारा सत्यतेची जबाबदारी स्वतःवर घेत नाही.

दोषनिवेदनात दुसरा प्रकार पायाभूत मानावा. तिसरा वर्ज्य नाही. परंतु त्यास स्वतंत्र जागा द्यावी आणि तो अनुमान आहे हे क्रियापदातून दिसू द्यावे. चौथा शक्यतो टाळावा. पहिल्या प्रकाराबाबत विशेष सावध राहावे. कारण "तो हॅकर आहे" हे वाक्य व्याकरणाने "तो उंच आहे" या वाक्यासारखेच दिसते. जे दिसू शकत नाही, ते दिसल्याच्या थाटात सांगितले जाते, आणि त्यावरून दुसऱ्याचे खाते बंद होऊ शकते.

संख्यावाचक शब्दांनाही हाच निकष लावावा. 'सारखं', 'नेहमी', 'कधी कधी' हे शब्द बोलणाऱ्याच्या मनःस्थितीनुसार लांबतात आणि आखडतात. "दहा प्रयत्नांत सात वेळा" हा शब्दप्रयोग मात्र कुणाच्याही हातात तेवढाच राहतो. भाषांतरातही तो टिकतो. अनेक मदतकक्षांचा व्यवहार इंग्रजीत चालत असल्याने हा लाभ लहान नाही. आधी मराठीत नेटके निवेदन तयार करावे. आकडे आणि क्रम पक्के असतील, तर त्याचे भाषांतर सहज होते.

४.२.६ पंचनामा : आपल्या परिचयाचा आदर्श

अवकाळी पावसाने पीक झोपले, की तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येऊन पंचनामा करतात. त्यात गट क्रमांक, पीक, क्षेत्र आणि नुकसानीचे प्रमाण येते. शेतकऱ्याचे दुःख खरे असते, पण ते पंचनाम्याच्या रकान्यात बसत नाही. ते न बसण्यातच पंचनाम्याचे बळ असते. बांध न पाहिलेल्या अधिकाऱ्यालाही त्या कागदावरून शेताची स्थिती कळावी लागते.

दोषनिवेदन हा खेळाचा पंचनामाच होय. ते वाचणारा आपल्या खोलीत नव्हता, आपला पडदा त्याने पाहिलेला नाही. त्याला तोच दोष स्वतःच्या यंत्रावर पुन्हा घडवून आणता आला, तर अर्धी दुरुस्ती झाली असे समजावे. सायमन टॅथम या ब्रिटिश संगणकतज्ज्ञाने १९९९ मध्ये याच विषयावर लिहिलेल्या निबंधात लक्षणे आणि निदान वेगळी ठेवण्यावर भर दिला आहे. वैद्यासमोर बसलेल्या रुग्णालाही हेच पथ्य लागू पडते. ताप किती, केव्हापासून, हे आधी सांगावे. मलेरिया झाला आहे, हे नंतर.

४.२.७ निवेदनाची अंगे आणि नमुना

अभ्यासासाठी तयार केलेला पुढील नमुना काळजीपूर्वक वाचावा.

*विषय* : पाण्याच्या टाकीची शिडी चढताना पात्र पुन्हा पायथ्याशी येते.
*साधन* : अँड्रॉइड १३, रॅम ४ जीबी. खेळाची आवृत्ती : सेटिंगच्या पानावर दिसणारा पूर्ण क्रमांक येथे लिहावा.
*जोडणी* : घरचे वायफाय, पिंग ४५ ते ६० मिलिसेकंद.
*कृतींचा क्रम* : (१) नकाशाच्या उत्तरेकडील टाकीपाशी जावे. (२) हातात शस्त्र ठेवून शिडी चढावी. (३) मधल्या पायरीवर उडीचे बटण दाबावे.
*अपेक्षित* : पात्र वर चढत राहावे किंवा शिडी सोडून खाली पडावे.
*प्रत्यक्ष* : पात्र क्षणभर वर दिसले आणि लगेच पायथ्याशी उभे असलेले दिसले.
*वारंवारता* : वायफायवर १० पैकी ७ वेळा, मोबाइल डेटावर १० पैकी ६ वेळा, दुसऱ्या टाकीच्या शिडीवर १० पैकी एकदाही नाही.
*पुरावा* : पडद्याची चित्रफीत जोडली आहे, दोष ४२व्या सेकंदाला दिसतो.
*अनुमान* : विलंब कमी असतानाही आणि एकाच शिडीवर हे घडते. त्यामुळे दोष जोडणीत नसून त्या जागेच्या रचनेत असावा.

येथे तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, 'अपेक्षित' आणि 'प्रत्यक्ष' हे रकाने वेगळे आहेत. त्यामुळे आपली अपेक्षाच चुकीची असल्यास तेही वाचणाऱ्यास कळते. दुसरी, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली आहे : आधी जोडणी, मग शिडी. जोडणी बदलूनही दोष राहिला आणि जागा बदलताच गेला, म्हणून अनुमानाला आधार मिळाला. तिसरी, 'असावा' हे क्रियारूप अनुमानाच्या रकान्यातच आले आहे. 'दिसले' हे प्रत्यक्षाच्या रकान्यात.

आता आपल्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याने नवे निवेदन लिहिले : सामन्याची तारीख आणि वेळ, त्या वेळचे पिंग, तीन वेळा तुटलेली जोडणी, आणि मित्राच्या फोनवर उपलब्ध असलेली चित्रफीत. शेवटी एकच वाक्य अनुमानाचे होते : "जोडणी तुटल्यामुळे मी इतरांना जागा बदलताना दिसलो असेन." निर्णय होण्याआधीच स्थगितीचे सात दिवस संपले. मात्र या वेळी ठरावीक पोच आली नाही. चित्रफितीतील नेमकी वेळ विचारणारा प्रश्न आला. बारा मजकुरांत त्याला प्रथमच कुणी तरी उलट विचारले होते. त्याहून महत्त्वाचा बदल त्याच्या पुढच्या तक्रारीत मला दिसला. तेथे 'हॅकर' हा शब्द नव्हता. 'मला असे दिसले' हे तीन शब्द होते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – २

१. 'म्हणे' या शब्दामुळे वाक्याला कोणती छटा प्राप्त होते?
२. वरील नमुन्यात दोष जोडणीचा नाही, असे कशावरून म्हणता येते?

४.३ सारांश

ऑनलाइन खेळातील प्रत्येक खेळाडू किंचित शिळे चित्र पाहत असतो. त्यामुळे पात्र मागे ओढले जाणे, उडी घेतल्यासारखे दिसणे, आडोशामागे गोळी लागणे हे प्रकार लबाडीशिवायही घडतात. 'लॅग' या शब्दात विलंब, चित्राची अडखळ, संदेशांची गळती आणि रचनेतील चूक असे भिन्न दोष एकत्र होतात. निवेदनात ते वेगळे करावे लागतात. मराठीची क्रियारूपे निरीक्षण, अनुमान आणि ऐकीव माहिती यांत भेद करतात. त्यांचा जाणीवपूर्वक वापर केल्यास तक्रार उपयुक्त होते आणि कुणावर नाहक आळही येत नाही.

४.४ पारिभाषिक शब्द

*दोषनिवेदन* – बिघाडाचे पुनःप्रत्ययकारी वर्णन.
*पिंग* – संदेशाच्या जाण्यायेण्यास लागणारा वेळ.
*सर्व्हर* – खेळाचे निर्णय देणारा मध्यवर्ती संगणक.
*आवृत्ती* – खेळाच्या सुधारित रूपाचा क्रमांक.
*वारंवारता* – ठरावीक प्रयत्नांत दोष किती वेळा घडला, ते प्रमाण.

४.५ स्वयंअध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे

*प्रश्न – १* : १. सुमारे २ लाख किलोमीटर. २. प्रकार (आ), चित्र अडखळणे.
*प्रश्न – २* : १. माहिती ऐकीव असल्याची आणि बोलणारा तिची जबाबदारी घेत नसल्याची. २. वायफाय आणि मोबाइल डेटा या दोन्हींवर दोष जवळपास सारख्याच प्रमाणात घडतो. शिडी बदलल्यावर मात्र घडत नाही.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. "समोरचा चीटिंग करतोय, सारखा गायब होतो" या तक्रारीचे निरीक्षण आणि अनुमान वेगळे करून पुनर्लेखन करा.
२. पंचनामा आणि दोषनिवेदन यांतील साम्य सोदाहरण स्पष्ट करा.
३. 'लॅग' या शब्दाच्या अनेकार्थतेवर टीप लिहा.

उपक्रम : आपल्या परिसरातील तरुण खेळाडूंकडून खेळातील बिघाडांसाठी वापरले जाणारे किमान पंधरा शब्द आणि शब्दप्रयोग संकलित करा. प्रत्येकाचा अर्थ विचारताना "म्हणजे तुला नेमकं काय दिसतं?" हा प्रश्न अवश्य विचारा आणि मिळालेले उत्तर सांगणाऱ्याच्याच शब्दांत नोंदवा.